तो पूर्ण शुद्धीवर होता

आमच्या इंदुरात पहाटे पोहणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या मंडळींमध्ये माझ्या मित्राची एक गोष्ट सांगितली जाते. साठाव्या वर्षी तो हिमाचलात, उंच डोंगरातल्या ट्रायथलॉनला गेला. घाटात त्याचं डोकं भरकटलं, दोनदा उलटी झाली, पडला, आणि सोबत्यानं वेळीच थांबवलं म्हणून वाचला. नव्या मुलांना सावध करताना ही गोष्ट हमखास निघते. ती खोटी आहे. तो सोबती मी. ती मीच लिहून दिली होती, खाली सही करून.

त्याला आठ वर्षं झाली. मी सत्तरीला आलो. आता ती दुरुस्त करतो. पण आधी तो माणूस कसा आहे ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं त्याचं वजन कळायचं नाही.

आम्ही दोघं धरणा-कालव्यांची कामं करणाऱ्या एका सरकारी कार्यालयात होतो. तो ड्राफ्ट्समन, मी तपासनीस. सव्वीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. त्यानं नकाशा काढायचा, मी आकडे ताडून खाली ‘तपासले’ असं लिहून सही करायची. एकदा एका कालव्याच्या नकाशात मला एक पातळी चुकलेली वाटली. मी म्हटलं, "हे चुकलंय." त्यानं ब्लेड उचललं आणि ट्रेसिंगवरची रेघ खरवडून टाकली. हुज्जत नाही, वही उघडून बघणं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की चूक माझीच होती. ओशाळून सांगितलं, तर म्हणाला, "मग ठीक आहे ना, परत काढतो."

"अरे, पण तुला माहीत होतं ना तू बरोबर आहेस?"

"वाटत तर होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तपासलं होतंस ना, भिया. एका कागदावर दोघं शक करत बसले तर कालवा कधी होणार?"

मी हसलो होतो. चहाच्या वेळी इतरांना सांगूनही हसलो.

उंची तो मीटरमध्ये बोलत नसे. इंदूरच्या मधोमध असलेल्या सात मजली राजवाड्याची उंची त्यानं कधीतरी स्वतः काढली होती आणि तेव्हापासून तेच त्याचं माप. सिमरोलचा घाट इतके राजवाडे, जानापावचा डोंगर इतके राजवाडे. शर्यतीला जायचं ठरल्यावर त्यानं तिथल्या सगळ्या रस्त्याचा चढ-उतार सहा फूट लांब ट्रेसिंगवर काढला आणि हॉलमध्ये लावला. प्रत्येक चढाखाली पेन्सिलीनं काढलेले बारके राजवाडे एकावर एक रचलेले. वहिनी आल्या-गेल्याला सांगायच्या, "आमच्या हॉलमध्ये साठ राजवाडे आहेत, आणि धूळ झटकायला एकाला हात लावू देत नाहीत."

रस्त्याच्या नियमांचं त्याचं वेड तर वेगळंच. पहाटे साडेपाचला पलासियाच्या चौकात चिटपाखरू नसतं, पण दिवा लाल असला की हा एक पाय जमिनीवर टेकवून उभा. मी स्कूटरवर मागे. म्हणायचो, "चल ना यार, कोणी नाहीये."

"सिग्नल आहे ना."

एकदा एक दूधवाला कॅन खडखडवत बाजूनं निघून गेला आणि जाता जाता ओरडला, "बाबूजी, ध्यान लगा रहे हो क्या?" हा हिरव्याची वाट बघत तसाच.

विजय नगरात त्याच्या साडूंची चौदा मजली इमारत आहे. तिथे तो आठवड्यातून तीनदा जिने चढायचा, तोंडात घोटभर पाणी धरून. गच्चीपर्यंत ते गिळायचं नाही, सांडायचं नाही. श्वास फक्त नाकानं. उंचावर हवा कमी असते, म्हणून इथेच सवय. नव्या वॉचमननं पहिल्या दिवशी हटकलं, "कहाँ जाना है?" याच्या तोंडात पाणी, म्हणून बोटानं वर दाखवलं. वॉचमनला वाटलं, बिचारा मुका आहे. पुढे वर्षभर तो याच्याशी हातवारे करूनच बोलत होता, आणि यानंही त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या देखत कधी तोंड उघडलं नाही.

थंड पाण्याची सवय गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत केली. बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर आणायचा, टाकीत सोडायचा आणि गळ्यापर्यंत आत बसायचा. वहिनी शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत वेळ बघायच्या. "झाली दहा मिनिटं. निघा आता, आमचा गुलाबजाम होतोय की कुल्फी ते एकदा ठरू द्या."

सायकलवर काय पचतं तेही करून पाहिलं. सांवेर रोडला एकदा तुपात बुडवलेले दाल-बाफले खाऊन निघाला आणि दोन तास एका कडुनिंबाखाली घोरत पडला. डायरीत नोंद: ‘बाफले वर्ज्य. कारण झोप.’ शेवटी उकडलेले बटाटे, मीठ आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू यांवर शिक्कामोर्तब झालं.

हे सगळं आठ वर्षं चाललं होतं. बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकला तेव्हापासून. आधी छोट्या शर्यती, मग मोठ्या, आणि मग हा डोंगर: तळ्यात दोन किलोमीटरपेक्षा थोडं कमी पोहणं, मग नव्वद किलोमीटर सायकल, तीही खिंड चढून, आणि वर पोचल्यावर एकवीस किलोमीटर धावणं. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा. इंदूरसारख्या सपाट गावातल्या माणसानं हे मनात आणणंच मुळात लोकांना विनोदी वाटायचं. तो कोणाला पटवायला जात नसे. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "मला बघायचंय, इथे बसून तयारी केली तर तिथे पुरते का."

त्या शर्यतीत प्रत्येकाला आपला सोबती आणावा लागतो. तो जीपमधून जातो, ठरलेल्या जागी खाणं, गरम कपडे देतो. पण त्याचं खरं काम वेगळं. उंचावर माणसाचं स्वतःचं भान आधी सुटतं आणि त्याला ते कळत नाही. म्हणून स्पर्धकाच्या तब्येतीबद्दल सोबत्याचा शब्द शेवटचा. त्यानं लिहून दिलं की स्पर्धकाला थांबवतात, वाद नाही. आणि सोबतीच आजारी पडला तरी थांबवतात, कारण मग स्पर्धकावर नजर ठेवणारं कोणी उरत नाही.

विजय नगरची सायकलवाली तरुण पोरं मागे लागली होती. "सर-जी, हम चलते हैं ना सपोर्ट में!" यानं माझ्याकडे बोट केलं. "हा येतो."

"मी?" मी म्हटलं. "अरे, मला बँकेचा जिना चढला तरी दम लागतो."

"तुला कुठे चढायचंय? जीप चढेल. तू फक्त बघायचंस. सव्वीस वर्षं बघतोयस ना."

स्टेशनवर वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना धडधाकट परत आणा. मेडल-बिडल काही नको." हे वाक्य मी पुढे आठ वर्षं ढाल म्हणून वापरलं. म्हणून ते इथे लिहून ठेवतो आणि बाजूला करतो. मी जे केलं ते वहिनींसाठी केलं नाही.

शर्यतीच्या सकाळी तळ्यातून तो बाहेर आला तेव्हा ओठ जांभळे होते आणि दात वाजत होते. मी त्याचा रबरी पोशाख ओढून काढत होतो. म्हणाला, "आमच्या टाकीपेक्षा बरं आहे रे पाणी." मग सायकल. तासामागून तास आम्ही त्याच्या पुढे-मागे होतो. शेवटच्या नऊ किलोमीटरचा घाट अरुंद, तिथे जीपला थांबायला बंदी. सोबत्यानं सरळ खिंडीत जाऊन वाट बघायची. घाट सुरू होतो तिथे एक देऊळ आहे. त्याच्यापाशी तो थांबला, दोन बटाटे खाल्ले. आमचं ठरलेलं होतं, थांबला की मी त्याच्या डोक्याची परीक्षा घ्यायची.

"शंभरातून सात?"

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट. बस का अजून?"

"बस."

"मग वर भेटू."

तो इतका शुद्धीवर होता. बिघडलो होतो मी. सकाळपासून डोकं ठणकत होतं, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. देवळाच्या पुढच्या वळणावर, बंदी असूनही, मी जीप थांबवायला लावली आणि ओकलो. तीन वळणांनंतर पुन्हा. खिंडीत उतरलो आणि सोबत्यांसाठी लावलेल्या तंबूच्या दारातच खडीवर पडलो. ड्रायव्हर तिथलाच, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं उचलून आत नेलं. बाहेर बर्फाचा चुरा पडत होता. मी त्याला म्हणे दोनदा विचारलं की इथून पलासिया किती लांब आहे.

थोडं बरं वाटल्यावर मी हिशेब केला. तो वर यायला तासभर. पुढे धावणं, चार-पाच तास. इतका वेळ मी तिथे जगेन असं मला वाटत नव्हतं. खाली जाण्यासाठी एक वाक्य पुरेसं होतं: माझी तब्येत बरी नाही. पण मग तो माझ्यामुळे थांबणार. आणि अख्खं इंदूर म्हणणार, आठ वर्षांची तयारी त्या जाड्या तपासनिसानं जीपमध्ये बसून घालवली. ते मला सोसणार नव्हतं.

मी स्वयंसेवकाकडून कागद मागून घेतला. लिहिलं: स्पर्धकाला दोनदा उलट्या झाल्या. एकदा पडला. असंबद्ध बोलत होता. कुठे आणि कधी, ते लिहिलं नाही. खाली सही केली.

त्या कागदावरची प्रत्येक गोष्ट खरी होती. फक्त ती माझी होती.

तो वर आला तेव्हा मर्यादेला तेवीस मिनिटं बाकी होती. दाढीवर बर्फ, डोळे लाल, पण सायकलवरून उतरला तो आपल्या पायांवर. बूट बदलायला बसणार तेवढ्यात तिथल्या डॉक्टरांनी त्याला थांबवलं. "आपके साथी ने लिखकर दिया है. दो बार उल्टी हुई?"

"मुझे? नहीं तो."

"गिरे थे आप?"

"नहीं."

डॉक्टरांनी त्याच्यापुढे कागद धरला. त्यानं तो वाचला. हिंदीत होता, अक्षर माझं, सही माझी. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला तर मी खरं सांगून टाकेन. खरंच सांगितलं असतं का, माहीत नाही.

तो डॉक्टरांना म्हणाला, "मुझे याद नहीं आ रहा. पर ये कह रहे हैं, तो हुआ होगा."

आणि त्यानं घोट्यावरची वेळ मोजणारी पट्टी स्वतःच्या हातानं सोडवून दिली.

उतरताना तो मागच्या सीटवर झोपला होता. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "साब, उल्टी तो आपको हुई थी ना?" मी टोपी डोळ्यांवर ओढून झोपल्याचं सोंग केलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

लोक म्हणतील, एक शर्यत बुडाली, त्यात एवढं काय. शर्यतीचं मी समजू शकतो. पण त्यानं त्या दिवसापासून स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा सोडला. इंदुरात परत आल्यावर लपवाछपवी तर केली नाहीच, उलट ती गोष्ट तोच सगळ्यांना सांगू लागला. "वर डोकं दगा देतं. मला आजपण आठवत नाही बघ, इतका गेलो होतो मी. सोबत्याचं ऐकायचं." पोरं माना डोलवायची. मी तिथेच, तलावाच्या काठावर टॉवेल घेऊन उभा असायचो. कोणी तरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचं, "अंकल ने बचा लिया."

डोंगर सुटला. मग लांबची सायकल सुटली. मग खिशात चिठ्ठ्या आल्या: गॅस बंद केला, कुलूप लावलं. बोलता बोलता थांबून विचारायचा, "हे मी आत्ताच सांगितलं का?" पलासियाच्या एका दवाखान्यात मेंदूची तपासणी करून आला. काही निघालं नाही. "मशीनला काय दिसणार," म्हणाला, "तुला दिसलं होतं ना."

तेव्हाही मी गप्प बसलो. पहिल्या वर्षी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या वर्षी सांगणं जड गेलं, आणि असं करत आठ झाली.

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी तो माझ्याकडे आला. चहा ठेवला होता. म्हणाला, "घरी सांगून ठेवलंय. पुढेमागे माझं बोलणं-वागणं बिघडलं, तर तू म्हणशील तसं करायचं. मला विचारायचंच नाही. मला कळणार थोडंच? तुला आधी कळतं."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक उभं राहूनच सांगितलं.

तो चिडला नाही. नकाशा समजून घ्यावा तसे प्रश्न विचारत गेला.

"उलट्या कुठे?"

"पहिली देवळाच्या पुढच्या वळणावर. दुसरी त्याच्या वर, तीन वळणं सोडून."

"आणि पडलास?"

"तंबूच्या दारात."

"असंबद्ध बोलणं?"

"ते पण माझंच."

त्यानं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मला सगळं आठवत होतं रे. एकेक वळण. एका ठिकाणी रस्त्यावर मेंढ्या होत्या, त्यांचा माणूस मला हात हलवून गेला. सगळं होतं. तुझ्या कागदाशी जुळत नव्हतं, म्हणून मी माझंच खोडलं."

चहा तसाच ठेवून तो गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, मी तुम्हाला म्हटलं होतं, धडधाकट आणा. त्यांचं डोकं मी वेगळं बांधून द्यायला हवं होतं का?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी शर्यतीच्या आयोजकांना पत्र लिहिलं, सगळं कबूल करून. त्यांचं सभ्य उत्तर आलं की जुना निकाल बदलता येत नाही. ते उत्तर मी त्याच्या दारात टाकून आलो. पाच आठवडे काही नाही. मग एका शनिवारी त्याचा फोन: "उद्या सकाळी तलावावर ये. सगळ्यांना सांग. माझ्यासमोर."

गेलो. पोहून झाल्यावर सगळे काठावर कपडे बदलत होते. मी सांगितलं. पहिल्या उलटीपासून सहीपर्यंत. एका पोरानं विचारलं, "अंकल, मतलब सर-जी ठीक थे?"

"एकदम ठीक थे."

"तो फिर आठ साल आप..." बाकीचे मला पाहून नजर वळवत होते. एक जण स्वतःशीच म्हणाला, "गजब आदमी हो यार." त्यात कौतुक नव्हतं.

माझा मित्र टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. माझं झाल्यावर म्हणाला, "ठीक आहे. आता ऐका. सप्टेंबरमध्ये मी परत जातोय. तीच शर्यत."

"सर-जी, इस उमर में?"

"त्यांच्या फॉर्ममध्ये वयाची वरची मर्यादा नाहीये. मी नीट पाहिलं."

सोबती कोण, म्हणून पोरांनी पुन्हा हात वर केले. तर नाव आधीच भरलेलं होतं. वहिनी. चौसष्ट वर्षांच्या. तेव्हापासून तो त्यांना आठवड्यातून दोनदा जानापाव चढायला नेतो. मी एकदा वाटेत भेटलो तेव्हा त्या थांबल्या, श्वास घेतला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "माझं डोकं दुखलं तर मी सांगणार, माझं दुखतंय."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

चिठ्ठ्या गेल्या. सांवेर रोडवर तो पुन्हा दिसतो, साठीतल्यापेक्षा हळू, पण रोज. आमचं बोलणं आहे, पूर्वीसारखं नाही. मी माफी मागितली. ती दिली की नाही ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मागच्या आठवड्यात धीर करून एवढंच विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं," तो म्हणाला. "तुला काय वाटलं, मी जिंकायला चाललोय? अडुसष्टाव्या वर्षी? नाही जमलं तर ते माझं नाही जमलेलं असेल. मागच्या वेळी तू मला ते पण दिलं नाहीस."

मग म्हणाला, "हे सगळं लिहून काढ. आणि मी जायच्या आधी वाचायला दे लोकांना. नंतर दिलंस तर लोक निकाल वाचतील, हे नाही वाचणार."

म्हणून घाईनं लिहितोय. गुरुवारी ते दोघं निघतील. त्या वर्षी तो शर्यत पूर्ण करू शकला असता का, ते मला माहीत नाही. ते आता कोणालाच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे. पण जेवढं झालं होतं तेवढं तरी नीट नोंदवलेलं असावं. त्या घाटातले शेवटचे नऊ किलोमीटर माझा मित्र एकटा चढला, बर्फात, वेळेच्या आत, पूर्ण शुद्धीवर. मी ते पाहिलेलं नाही. मी तेव्हा तंबूत आडवा पडलो होतो.